कात्सुराचा वाडा आणि बाग (क्योतो): एका तासात काय दिसतं?

रानजाई

जपानवर इथे बरेच धागे आहेत, पण कात्सुरावर वेगळा धागा सापडला नाही, म्हणून काढतेय. ज्यांनी पाहिलंय त्यांनी भर घाला, ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल प्रश्न विचारा.

आधी थोडक्यात ओळख. क्योतोच्या पश्चिमेला कात्सुरा नदीच्या काठावर राजघराण्याच्या हाचिजो शाखेचा हा वाडा. जपानी लोक 'कात्सुरा रिक्यू' म्हणतात. राजपुत्र तोशिहितो (१५७९-१६२९) यांनी १६१५ च्या सुमारास काम सुरू केलं आणि त्यांचा मुलगा तोशितादा याने ते वाढवलं. १८८१ मध्ये घराणं खुंटलं आणि १८८३ पासून वाडा राजघराण्याच्या खात्याकडे आला. बाग, तळं, चहाघरं, बांबूचं बन सगळं धरून सतराएक एकर जागा. एकट्याने हिंडता येत नाही. नाव नोंदवायचं, ठरलेल्या वेळेला दारात हजर राहायचं, आणि मग वाटाड्याबरोबर गटाने साधारण तासाभरात किलोमीटरभराचा फेरा.

आम्ही गेलो जूनमध्ये, म्हणजे ऐन तिकडच्या पावसाळ्यात. छत्री एका हातात, फोन दुसऱ्या हातात आणि पायाखाली ओले दगड. 'पाय जपून टाका' हे वाटाड्याचं पालुपद तासभर चालू होतं.

आत शिरल्यावर थोड्याच वेळात एक जागा येते. दोन्ही बाजूंना कापून सारख्या केलेल्या झुडपांची कुंपणं, मधून आखूड वाट, आणि ती जिथे संपते तिथे बरोब्बर मधोमध एक पाइन. सुमियोशीचा पाइन म्हणतात त्याला. त्याच्या मागे आख्खं तळं पसरलेलं आहे आणि ते दिसू नये म्हणूनच तो तिथे लावलाय! आमच्या गटातला प्रत्येक जण तिथे पोचला की आधी डावीकडे वाकायचा, मग उजवीकडे. मीही वाकले. काही म्हणजे काही दिसत नाही. तळं पाहायला मिळतं ते पुढे, तेही तुकड्यातुकड्याने.

मग बाहेरचा ओटा लागतो. गवताने शाकारलेलं छप्पर, खाली लांब बाक. चहाचं आमंत्रण असलेल्या पाहुण्यांनी बोलावणं येईपर्यंत बसायची ही जागा. समोर तळं नाहीच, समोर सायकसचा ढिगारा! जपानीत सोतेत्सु. हो, आपल्याकडे बंगल्यांच्या फाटकापाशी लावतात तोच. मला आधी जरा विजोडच वाटला. वाटाड्या म्हणाला, दक्षिणेकडच्या सात्सुमाच्या शिमाझु सरदारांकडून आलेली भेट आहे. त्या काळी क्योतोत असं झाड असणं म्हणजे केवढी ऐट असेल! बाकाशेजारी दगडी पाणवठा आहे, एका चौकोनावर दुसरा चौकोन तिरका फिरवून कोरलेला. आणि बाजूला एक शौचकूपही, वाळू आणि दगड मांडून छान सजवलेला, नुसता बघण्यापुरता. (गटातल्या एका आजोबांनी खरा कुठे आहे ते लगेच विचारून घेतलं.)

तिथून तळ्याच्या कडेने दगडांवरून चालत शोकिनतेई या चहाघराकडे जायचं. हा टप्पा मला सगळ्यात आवडला. दगड छोटे, वेडेवाकडे आणि अंतर राखून मांडलेले, त्यामुळे नजर पायावरच ठेवावी लागते. मध्येच एखादा मोठा, सपाट दगड येतो. पाय आपोआप थांबतो, मान वर होते, आणि समोर काहीतरी असतं. एकदा दिसलं, गोट्यांची एक चिंचोळी जीभ पाण्यात शिरलीय आणि तिच्या टोकावर बुटका दगडी दिवा. पुढच्या पावलाला तो पुन्हा झाडामागे गेला. दोनतीनदा असं झाल्यावर लक्षात आलं की मान केव्हा वर करायची हे मी ठरवतच नाहीये, दगड ठरवताहेत.

शोकिनतेईत जायला एकसंध लांब दगडाचा पूल आहे. पोचल्यावर वाटलं होतं, हात धुवायला पुन्हा एखादा कोरीव पाणवठा असेल. तर तसं काही नाही. तळ्याच्या काठाला दगड उतरत नेलेत, वाकून सरळ तळ्यातच हात बुडवायचा. आणि घराच्या पुढ्यात, खोल वळचणीखाली, पाण्याकडे तोंड करून चूल! मागच्या दारी नाही की पडद्याआड नाही, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत.

आतल्या भिंतीबद्दल मुद्दाम लिहिते. जाण्याआधी जिथे जिथे वाचलं तिथे एकच सूर: कात्सुरा म्हणजे जपानी साधेपणा, रंग नाही, नक्षी नाही, निव्वळ लाकूड आणि कागद. आणि इथे समोर काय, तर निळ्यापांढऱ्या मोठ्या चौकड्या! आख्खी भिंत, सरकती दारं, सगळीकडे त्याच. पावसाळी करड्या उजेडात त्या दुरूनही डोळ्यात भरत होत्या. चारशे वर्षांपूर्वीचं काही पाहतोय असं वाटेचना. मी नवऱ्याला म्हटलं, हा साधेपणा असेल तर आमच्या आत्याची पैठणीही साधीच.

बाकीचं पटकन: टेकाडावर शोकातेई हे दुसरं चहाघर, खाली ओनरिंदो नावाचं देवघर (सगळ्या आवारात कौलं फक्त यालाच), मग शोईकेन हे आणखी एक चहाघर, मग मुख्य वाडा बाहेरूनच, शेवटी गेप्पारो, तेही चहाघरच. मुख्य वाड्यात कुणालाच सोडत नाहीत.

माझा प्रश्न असा: हे 'साधेपणा' प्रकरण आलं कुठून? इथल्या वास्तुविशारद मंडळींनी उजेड पाडावा.

---

भटका_नारळ

छान लिहिलंय ताई, फोटो टाका की. पण मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आलोय आणि माझं मत जरा वेगळं आहे. हजार येन द्यायचे, पारपत्र दाखवायचं, पुढे वाटाड्या, मागे एक सुरक्षावाला, कुठे दोन मिनिटं रेंगाळलं की तो मागे येऊन उभा. वाड्यात पाऊल ठेवायचं नाही. चहाघर बघायचं, चहा मागायचा नाही. ताट मांडून ठेवायचं आणि हात लावू द्यायचा नाही, असला प्रकार. गिंकाकुजीला (क्योतोतलंच प्रसिद्ध देऊळ) तिकीट काढलं की आपलं आपण हवं तेवढा वेळ फिरा. घाईत असलेल्यांनी कात्सुराच्या मागे लागू नये.

---

ओसाकाची_सून

@भटका_नारळ, सुरक्षावाल्याचं खरं आहे, पण त्याच्यामुळेच ती बाग तशी राहिलीय हो. शेवाळावर एक बूट पडला की तो डाग भरून यायला काळ जातो, आणि तिथे वाटेच्या दोन्ही बाजूंना शेवाळंच आहे. गटात मोजकी माणसं असतात, म्हणून फोटोत कुणाचं डोकं येत नाही. गिंकाकुजीला शनिवारी जाऊन बघा, मग बोलू.

शिवाय हजार येन हल्लीचे, २०१८ च्या नोव्हेंबरपासूनचे. त्याआधी फुकट होतं. आमच्या सासूबाई अजून कुरकुरतात.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: सोमवारी बंद. हांक्यू रेल्वेच्या कात्सुरा स्थानकावरून वीस मिनिटं चालत. इंग्रजी फेऱ्याही असतात, नोंदणी करताना निवडा. त्या दिवसाच्या काही जागा दारावरही देतात, आधी येईल त्याला आधी. मूळ पारपत्र जवळ ठेवा.

---

कर्णिका

रानजाई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मी वास्तुकला शिकले तेव्हा आम्हालाही कात्सुरा 'साधेपणाचा कळस' म्हणूनच शिकवली होती, कृष्णधवल चित्रांवरून.

या कीर्तीचा उगम बराचसा एका जर्मन माणसात आहे. ब्रुनो टाउट, बर्लिनमधला नामवंत वास्तुविशारद. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडून जपानला पोचला. पोचला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ मे रोजी, यजमानांनी त्याला कात्सुराला नेलं. तो त्याचा वाढदिवस होता. माणूस भारावून गेला. पुढे त्याने लिहायला सुरुवात केली की खरं जपान ते हे, आणि निक्कोचं तोशोगू, म्हणजे पहिल्या तोकुगावा शोगुनाचं (शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीश) समाधिमंदिर, हा उथळ भपका. गंमत बघा, तोशोगूची आजची इमारत १६३६ ची, म्हणजे दोन्ही कामं एकाच पिढीतली. एक शोगुनांचं आणि एक राजघराण्यातल्या माणसाचं. टाउटने त्या दोघांना एकमेकांसमोर उभं केलं आणि ते लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्या काळच्या जपानलाही ते सोयीचं होतं.

मग १९५४ मध्ये वॉल्टर ग्रोपियस आला, बाउहाउस या जर्मन कलाशाळेचा संस्थापक. त्याला तिथे आधुनिक वास्तुकलेची तत्त्वं तीन शतकं आधीच वापरलेली दिसली. आणि सगळ्यात मोठा वाटा फोटोंचा. इशिमोतो यासुहिरो यांनी १९५३-५४ मध्ये कात्सुराचे कृष्णधवल फोटो काढले. १९६० मध्ये त्यांचं मोठं पुस्तक निघालं, मजकूर जपानी वास्तुविशारद तांगे केन्झो आणि ग्रोपियस यांचा. तांगेंनी फोटो असे कापले की वळणदार छपरं चौकटीबाहेर गेली. उरले काळे खांब, पांढरा कागद, काटकोन. तुम्हाला दिसल्या त्या चौकड्यांचा निळा रंग कृष्णधवलात कुठून दिसणार?

१९७६ ते १९८२ मध्ये मुख्य वाडा सुटा करून, दुरुस्त करून पुन्हा उभारला. तेव्हा इशिमोतोंनी परत जाऊन रंगीत फोटो काढले. दोन्ही संच शेजारीशेजारी ठेवून बघा, वाडा तोच आहे यावर विश्वास बसत नाही.

आणि चौकड्या तर काहीच नाहीत. शोईकेनमध्ये खिडकीखालच्या पट्टीवर नजर गेली होती का? तिथे सोन्याचा वर्ख आहे आणि परदेशातून जहाजाने आलेली मखमल. दाराच्या खाचा पाहिल्यात? एक वल्ह्याच्या आकाराची, एक बाणाच्या. वर ओळीने सहा गोल खिडक्या. मुख्य वाड्याच्या नव्या भागात, जिथे आपल्याला सोडत नाहीत, एक फडताळ आहे. आबनूस, रक्तचंदनाच्या जातीची अशी आयात केलेली लाकडं एकेका फळीला वेगवेगळी. जपानातल्या तीन नामांकित फडताळांत ते मोजतात. याला साधेपणा कोण म्हणेल?

---

रानजाई

कर्णिका, क्या बात है! हेच हवं होतं. वर्ख पाहिला, पण मला वाटलं ओल आल्यामुळे भिंतीला तकाकी आलीय. :) वाटाड्याने गोल खिडक्यांबद्दल सांगितलं, मखमलीबद्दल अवाक्षर नाही. सहाही खिडक्यांच्या आतली जाळी निरनिराळी आहे, ते मात्र त्याने आवर्जून दाखवलं.

---

सातवा_मैल

वाखुसा (वाचनखूण साठवली). एक शंका. हा तोशिहितो राजपुत्र होता हे ठीक, पण एवढा पैसा आला कुठून? त्या काळी तर सगळी सत्ता तोकुगावांकडे होती ना?

---

पेशवेकालीन

@सातवा_मैल, इथे मला तोंड उघडायलाच हवं.

तोशिहितो म्हणजे सम्राट गो-योझेई यांचा धाकटा भाऊ. लहानपणी तेव्हाचा जपानचा सर्वेसर्वा हिदेयोशी याने त्याला मुलगा मानलं होतं, स्वतःला मूल नव्हतं म्हणून. १५८९ मध्ये हिदेयोशीला मुलगा झाला आणि याची गरज संपली. बदल्यात वेगळं घराणं काढून दिलं, तेच हाचिजो. उत्पन्न तीन हजार कोकु तांदळाचं (एक कोकु म्हणजे एका माणसाला साधारण वर्षभर पुरेल एवढा तांदूळ). दरबारी माणसाला पुरेसं, पण सरदारांच्या तुलनेत किरकोळ. म्हणजे सत्तेच्या अगदी उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आलेला माणूस. आपल्याकडच्या दत्तक प्रकरणांचे वाचक हे लगेच ओळखतील.

पुढची गोष्ट फार भारी आहे. तोशिहितोचा काव्यातला गुरू होसोकावा युसाई. जुन्या 'कोकिन्शू' या कवितासंग्रहाचे गुप्त अर्थ गुरूकडून शिष्याला तोंडी द्यायची परंपरा होती आणि ती त्या वेळी युसाईकडे होती. १६०० मध्ये, ज्या लढाईने तोकुगावांच्या हाती सत्ता आली त्या सेकिगाहाराच्या लढाईच्या तोंडावर, युसाईला तानाबेच्या किल्ल्यात वेढा पडला, जवळजवळ दोन महिने. हा म्हातारा मेला तर परंपराच संपेल, म्हणून सम्राटांनी मध्ये पडून वेढा उठवायला लावला! कवितेसाठी वेढा उठल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. युसाईने ती विद्या तोशिहितोला दिली.

१६१५ मध्ये तोकुगावांनी दरबारासाठी नियमावली काढली. सार असं की सम्राटांनी विद्याव्यासंगात राहावं, राज्यकारभार आम्ही बघतो. कात्सुराचं काम त्याच सुमाराला सुरू होतं, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. राज्य गेलं, मग कविता, चंद्र आणि बाग. 'गेंजी' या जुन्या जपानी कादंबरीतही कात्सुराकाठचा वाडा येतो, तो तोशिहितोच्या डोक्यात होताच.

आता पैशाचं. मुलगा तोशितादा याचं लग्न झालं कागाच्या माएदा घराण्यातल्या मुलीशी. माएदा म्हणजे दहा लाख कोकुंचे धनी, तोकुगावांच्या खालोखाल. त्यानंतर बाग भराभर वाढली. रानजाईताई, तुमच्या निळ्या चौकड्यांचा कागद कागा प्रांतातलाच आहे, नीळ देऊन रंगवलेला. सासर-माहेर दोन्ही एका भिंतीवर.

---

भटका_नारळ

पेशवेकालीन, हे आधी माहीत असतं तर मी सुरक्षावाल्याशी इतकं भांडलो नसतो. वाटाड्याने यातलं एक अक्षर सांगितलं नाही, निव्वळ 'हा दगड अमुक शैलीचा'. तरी माझा मुद्दा कायम आहे: ज्या वाड्याला इतकी गोष्ट आहे त्याचं दार बंद का?

---

सातवा_मैल

पेशवेकालीन, धन्यवाद! अजून एक: बाग कोबोरी एन्शू या चहागुरूने आखली असं कुठेतरी वाचलं होतं.

---

पेशवेकालीन

एन्शूचं नाव परंपरेने चिकटलंय, पण त्याला कागदोपत्री आधार नाही. जपानात कुठलीही देखणी बाग दिसली की एन्शूच्या नावावर घालायची पद्धत होती. आपल्याकडे कुठलंही काळ्या दगडातलं देऊळ हेमाडपंतांच्या नावावर जातं ना, तोच न्याय.

---

माळीकाका

मी कात्सुराला थंडीत गेलो होतो. सगळे वाडा आणि चहाघरं बघतात, मी कुंपण बघत बसलो. त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

नदीच्या बाजूने जे हिरवं लांबलचक कुंपण आहे ते जिवंत बांबूचं आहे. आतल्या बाजूला उभे असलेले बांबू कापायचे नाहीत, मुळासकट तसेच ठेवायचे, शेंड्याकडून वाकवून बाहेरच्या जाळीवर आणायचे आणि डहाळ्या विणत खाली बांधत जायचं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला पानांची भिंत दिसते आणि ती वाढतही असते. यातला दर काही वर्षांनी म्हातारा झालेला बांबू काढून नवा वाकवावा लागतो. हे बघायला तिकीट नाही, नोंदणी नाही, पारपत्र नाही. @भटका_नारळ, तुमच्यासाठी खास. :) मुख्य दाराकडचं कुंपण वेगळं आहे, बांबूच्या सुक्या काड्यांचं. तेही बारकाईने पाहण्यासारखं.

रानजाईताईंनी ज्या सायकसला विजोड म्हटलं, त्यांना थंडीत गवताची आवरणं घालतात. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत गवत गुंडाळून सुतळीने आवळलेलं, वर टोपीसारखी गाठ. मी गेलो तेव्हा आख्खा ढिगारा असा बांधलेला होता. क्योतोच्या गारठ्यात ते झाड टिकत नाही म्हणून ही उठाठेव, पण बांधणी इतकी नेटकी की उन्हाळ्यातल्या झाडापेक्षा मला हेच आवडलं.

आणि सुमियोशीच्या पाइनबद्दल. असा पाइन त्या उंचीला आणि त्या आकाराला ठेवणं सोपं नाही. वसंतात कोवळे कोंब हाताने खुडायचे, थंडीच्या आधी जुन्या सुया काढायच्या, एकेक फांदी. मोकळा सोडला तर काही वर्षांत त्याचं झाड होऊन तळं दिसायला लागेल आणि सगळी गंमत जाईल. झाकण्यासाठी लावलेलं झाडही दर वर्षी कातरून जागेवर ठेवावं लागतं.

पुणेकरांसाठी अवांतर: सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलंय. कोराकुएन सरदारांची बाग, १७०० मध्ये पुरी झालेली, हिरवळीची आणि मोकळी. दारातून आत गेलं की बरंच काही एकदम दिसतं. कात्सुरात याच्या उलट. दोन्ही जपानीच, पण एकाच मापाने मोजू नका.

---

रानजाई

माळीकाका, कुंपणाच्या बाजूने आम्ही चालत आलो आणि मी त्याला साधं बांबूचं बन समजून पुढे गेले! पुढच्या खेपेला आधी तेच.

पु. ल. उद्यानाचा मुद्दा पटला. माझी आई दर रविवारी तिथे जाते. कात्सुराचे फोटो पाहून तिचा पहिला प्रश्न, 'हिरवळ कुठाय गं?' हिरवळ आहे, मुख्य वाड्यासमोर. वाडा तिथे एकामागे एक पायऱ्या पडल्यासारखा तिरका सरकत गेलाय आणि खांबांवर चांगला उंच उचललाय, नदीला पूर यायचा म्हणून. त्याच्या जुन्या भागाला बांबूचा उघडा ओटा जोडलाय, आग्नेयेला तोंड करून, चंद्र बघण्यासाठी. त्यावर बसू दिलं असतं तर मी पाच हजार येनही दिले असते.

---

कर्णिका

एक दुरुस्ती नाही, पण पुरवणी. माझ्या आधीच्या प्रतिसादावरून असं वाटू नये की टाउट, ग्रोपियस यांना काही कळलंच नाही. खांबांमधली अंतरं, चटयांच्या मापावर बेतलेली खोली, आतबाहेर करणारी सरकती दारं, हे त्यांनी बरोबर पाहिलं. त्यांनी जे पाहिलं नाही ते एवढंच, की हे सगळं करायला अतोनात पैसा आणि फुरसत लागते. वाकडा खांब जसाच्या तसा वापरायचा तर आधी हवा तसा वाकडा शोधावा लागतो. गेप्पारोचं छत पाहिलंत? होडीचा तळ उलटा केल्यासारखा आकार, काठ्या नि बांबू उघडे. शेतकऱ्याच्या घराचा आव आहे, पण तसं छत शेतकऱ्याच्या घरी नसतं.

चुलीचंही तेच. रानजाईने लिहिलेली ती तळ्यासमोरची चूल गरजेपोटी तिथे नाही, पाहुण्यांना खेड्यात आल्यासारखं वाटावं म्हणून आहे.

---

भटका_नारळ

म्हणजे थोडक्यात फार्महाउस! लोणावळ्यात श्रीमंत लोक बांधतात ते. :D

---

पेशवेकालीन

नारळसाहेब, फार्महाउसात कुणी आपल्या सासुरवाडीचा देखावा मांडत नाही. शोकिनतेईजवळ रानजाईताईंना पाण्यातली जी गोट्यांची जीभ दिसली आणि पुढे जे दगडी पूल लागले, ते मिळून आमानोहाशिदाते या पाइनच्या प्रसिद्ध वाळूच्या पट्ट्याची आठवण. तो पट्टा तांगो प्रांतात, आणि तोशिहितोची बायको तिथल्या क्योगोकु सरदाराची मुलगी. बागेत बायकोचं माहेर.

---

दोन_चाकं

धागा जबरी चाललाय. आमचं नोव्हेंबरात जायचं ठरतंय, मी, बायको आणि दहा वर्षांचा मुलगा. त्याला नेता येईल का? आणि कात्सुरा जमलं नाही तर पर्याय?

---

ओसाकाची_सून

@दोन_चाकं, दहा वर्षांच्या मुलाला कात्सुरात घेत नाहीत, किमान बारा पूर्ण हवीत. तुम्ही दोघं वेगवेगळ्या वेळेची नोंदणी करा. एक आत, दुसरा मुलाबरोबर नदीकाठी. माळीकाकांचं कुंपण आहेच बघायला. मुलाबरोबर सगळ्यांना जायचं असेल तर शहरातला क्योतो गोशो, म्हणजे सम्राटांचा जुना राजवाडा. तिथे नोंदणीही लागत नाही आणि पैसेही नाहीत.

मोठ्यांसाठी दुसरा पर्याय शुगाकुइन, क्योतोच्या ईशान्येला डोंगराच्या पायथ्याशी. त्याचीही नोंदणी कात्सुरासारखीच, पण फुकट. सम्राट गो-मिझुनोओ यांनी गादी सोडल्यावर १६५० च्या दशकात बांधलं. कात्सुराच्या कैक पट मोठी जागा, तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवर तीन बागा आणि मध्ये चक्क भातशेती. ती शेती १९६० च्या दशकात खात्याने विकत घेतली, आजूबाजूला इमारती उठू नयेत म्हणून, आणि गावातले शेतकरीच ती कसतात. चढ बराच आहे, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी विचार करावा.

---

माळीकाका

शुगाकुइनला वरच्या तळ्याचा बांध शोधा. ओढा अडवून तळं केलंय, पण बांध दिसतच नाही. दगडी बांधावर टप्प्याटप्प्याने झुडपं लावून सगळी मिळून एकच गुबगुबीत उतार होईल अशी कापलीत. कितीतरी जातींची झुडपं एकत्र आहेत त्यात. खालून चढताना दोन्ही बाजूंना उंच झुडपं, काही दिसत नाही, आणि वर रिनउन्तेई या छोट्या घराच्या ओट्यावर पोचलं की तळं, डोंगर, शहर सगळं एकदम.

---

भटका_नारळ

हे आवडलं. शेतं, डोंगर आणि फुकट. माझं मत शुगाकुइनला. कात्सुराच्या भक्तांनी राग मानू नये.

---

रानजाई

राग कसला. पण एकदा पावसात कात्सुराला जा हो, इंग्रजी फेरी सोडून जपानी फेरीत. भाषा कळत नाही म्हणून वाटाड्याकडे लक्ष जात नाही आणि सगळं लक्ष दगडांकडे राहतं. दगडांवर कुठे कुठे काळ्या सुतळीने बांधलेला छोटा गोटा ठेवलेला दिसेल. तो दिसला की त्या वाटेने जायचं नाही. दोरी नाही, पाटी नाही, फक्त तो गोटा. आमच्या गटातल्या एकानेही ओलांडला नाही.

---

दोन_चाकं

ओसाकाची_सून, फार मदत झाली. बायको म्हणतेय ती आधी कात्सुराला जाणार, मी मुलाबरोबर कुंपण. नोव्हेंबरच्या जागा केव्हा उघडतात?

---

ओसाकाची_सून

तीन महिने आधीच्या एक तारखेला, म्हणजे १ ऑगस्टला पहाटे पाच वाजता. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असेल. लाल पानांचा हंगाम आहे, सकाळच्या फेऱ्या चटकन जातात, तेव्हा गजर लावून बसा. दोन वेगळ्या वेळा घेताना मध्ये निदान दीड तास ठेवा, फेरी लांबली तर दारात धावपळ नको.